बोअर नंतर, आधी अंतर सांग!

परवा टेक्सासहून पुतण्याचा फोन आला. मित्रांबरोबर शिकारीला जाणार म्हणाला, काळविटाच्या. दचकू नका, आपलंच काळवीट. १९३० च्या दशकात तिकडे नेऊन सोडलेली काळविटं चांगलीच वाढली, आणि आता तिथल्या खाजगी रानांत पैसे मोजून मारता येतात. इथे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असलेला प्राणी तिथे गिऱ्हाइकी माल!

"काका, .२४३ घेऊ, ६.५ क्रीडमोर घेऊ की .३०८? पाचशे मीटरवरून मारायचंय." वर एक तक्ताही पाठवला.

मी बीए झालेला मास्तर, बंदूक कधी हातात धरली नाही. पण तक्ता वाचता येतो. चष्मा लावून वाचला आणि डोकं फिरलं. पाचशे मीटर जायला गोळीला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ लागतो. शंभर मीटरवर नेम बसवलेली बंदूक असेल तर तिथे पोचेपर्यंत गोळी दीड मीटरहून अधिक खाली येते. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा असेल तर अर्धा मीटर तरी बाजूला सरकते. आणि काळविटाचं काळीज केवढं? छातीतली वीत-दीड वीत जागा! तेवढ्या वेळात चरणाऱ्या जनावराने एक पाऊल पुढे टाकलं की गोळी पोटात. याला कुठला बोअर पुरा पडणार?

हे मी तक्त्यावरून बोलत नाही. मी दहाएक वर्षांचा असताना गावाकडे शहरातली मंडळी जीप घेऊन शिकारीला आली होती. लांबून बार काढले, काळवीट पळालं, मंडळी निघून गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या ज्वारीत ते सापडलं. मागचा पाय लोंबत होता, आणि ते जिवंत होतं. वडिलांनी मला घरी पिटाळलं. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

आता कुणी म्हणेल, मास्तर भूतदयेचं कीर्तन लावतायत. नाही हो. नान्नजच्या माळाभोवतालच्या शेतकऱ्याला विचारा. कोवळ्या पिकात कळप शिरला की त्याच्या पोटात गोळा येतो. त्याला मी उपदेश करणार नाही. आणि टेक्सासचा कायदा टेक्सासचा. माझं भांडण मारण्याशी नाही, लांबून मारण्याच्या हौसेशी आहे.

पुतण्या म्हणतो, "काका, उघडं माळरान असतं, ते लांबूनच बघतं, जवळ जाऊ देत नाही." अरे बाळा, डोळे आणि पाय एवढीच तर त्याची इस्टेट! कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळविटाची शिकार व्हायची. ती राजेलोकांची चैन, तिचे गोडवे मी गाणार नाही. पण तिथेसुद्धा चित्त्याला गाडीतून कळपाच्या जवळ न्यावं लागे. चित्ता दमला की काळवीट सुटलं. तुमच्या दुर्बिणीने ती सुटायची वाटच बुजवली.

तेव्हा माझं उत्तर लिहून घे. चाळीसेक किलोंच्या जनावराला दीडशे मीटरच्या आत .२४३ पुरते, हे तुझाच तक्ता सांगतो. मोठा बोअर चुकलेला नेम दुरुस्त करत नाही. आधी अंतर ठरव. तेवढं जवळ जाता आलं नाही तर रिकाम्या हाताने घरी ये. आणि गोळी झाडलीस तर रक्ताच्या मागावर शेवटपर्यंत जा, अंधार पडला तरी. एवढं जमणार नसेल तर कॅमेरा घे, त्याला वाटेल तेवढी लांब भिंग लाव.

तो फोनवर गप्प झाला. रागावला असेल. रागावू दे. लहानपणी पाढे चुकला की असाच गप्प बसायचा, आणि दुसऱ्या दिवशी बरोबर म्हणून दाखवायचा. मी वाट बघतोय.