पीण्यातील नवउद्योजकांची कसोटी : थकलेली बिले, गहाण घर आणि मनावरचे ओझे

बंगळुरू : नवा उद्योग उभारणाऱ्यांच्या मानसिक ताणाविषयी देशात अलीकडे उघडपणे बोलले जाऊ लागले आहे. मात्र ही चर्चा बहुतांशी कोरमंगला किंवा एचएसआर लेआउटमधील सॉफ्टवेअर कंपन्यांभोवती फिरते. शहराच्या वायव्येला, तुमकुरू मार्गालगत पसरलेल्या पीण्या औद्योगिक क्षेत्रातील चित्र निराळे आहे. येथील नवउद्योजकाच्या ताणाचे मूळ त्याच्या स्वभावापेक्षा पैशाच्या वेळापत्रकात आणि कारखाना व घर यांच्यातील पुसल्या गेलेल्या सीमारेषेत अधिक आहे.

१९७० च्या दशकात विकसित झालेले पीण्या आज देशातील लघुउद्योगांच्या मोठ्या केंद्रांपैकी एक मानले जाते. एचएमटी, एचएएल, बीईएल यांसारख्या सार्वजनिक उपक्रमांमुळे बंगळुरूत कुशल कारागीर आणि अभियंत्यांची पिढी घडली. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांची साखळी याच परंपरेतून उभी राहिली. लेथ, सीएनसी यंत्रे, साचे, पावडर कोटिंग, तयार कपडे असे नाना उद्योग येथे चालतात. ‘स्टार्टअप इंडिया’ मोहीम १६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाली. पीण्यातील शेडमध्ये मात्र नवउद्योग त्यापूर्वी कित्येक दशके जन्म घेत होते.

लहान पुरवठादाराची अडचण एका साध्या हिशोबातून स्पष्ट होते. जूनच्या प्रारंभी माल पोहोचवून बिल दिले आणि मोठ्या ग्राहकाने ९० दिवसांनी पैसे देण्याचा शिरस्ता ठेवला, तर रक्कम हाती येण्यास सप्टेंबर उजाडतो. दरम्यान कामगारांचे वेतन दरमहा सातव्या दिवसापर्यंत द्यावे लागते. वस्तू व सेवा कर बिल वसूल झाल्यावर नव्हे, तर बिल दिल्यावर देय होतो. मासिक विवरण भरणाऱ्याला तो जुलैच्या २० तारखेपर्यंत भरावा लागतो. कर्जाचे हप्ते आणि विजेचे देयकही थांबत नाही. परिणामी, न मिळालेल्या पैशावरचा कर पदरच्या किंवा उसनवारीच्या पैशातून भरण्याची वेळ येते.

कायदा या बाबतीत मुका नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज देय ठरते. सुलभीकरण परिषदेने तक्रार ९० दिवसांत निकाली काढावी, अशीही तरतूद आहे. तक्रारीसाठी २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टल सुरू झाले. तरीही २०२२ मध्ये ग्लोबल अलायन्स फॉर मास आंत्रप्रनरशिप आणि डन अँड ब्रॅडस्ट्रीट यांच्या अहवालाने देशातील लघुउद्योगांची अडकलेली रक्कम १०.७ लाख कोटी रुपयांच्या घरात असल्याचा अंदाज मांडला होता. कारण उघड आहे. ज्याच्या एका ऑर्डरवर निम्मा कारखाना चालतो, त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याचे धाडस पुरवठादार सहसा करत नाही.

हे ओळखून केंद्र सरकारने प्राप्तिकर कायद्यात ४३ बी (एच) ही तरतूद आणली. १ एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या या तरतुदीने, मुदतीत न चुकवलेल्या रकमेची करातील वजावट प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच मिळेल, असे बंधन खरेदीदारावर घातले. पुरवठादाराला तक्रार न करता संरक्षण मिळावे, हा त्यामागील विचार योग्यच होता. परंतु काही खरेदीदार या कक्षेबाहेरील पुरवठादारांकडे वळत असल्याची तक्रार व्यापारी संघटनांनी केली. २५० कोटी रुपयांहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना ‘ट्रेड्स’ या बिलवटाव मंचावर नोंदणी सक्तीची झाली आहे. मात्र नोंदणी सक्तीची असली, तरी बिले तेथे स्वीकारण्याची सक्ती नाही.

उद्योग वाढला की संकट ओसरते, हा समजही पीण्यात टिकत नाही. दुप्पट ऑर्डर म्हणजे दुप्पट कच्चा माल, अधिक कामगार आणि तितकेच वाढलेले खेळते भांडवल. नफा कागदावर दिसतो, बँक खात्यात दिसत नाही. शिवाय उत्तम टर्नर किंवा अभियंता म्हणून प्रारंभ करणाऱ्याला अचानक कामगार निवड, करविवरणे, गुणवत्ता तपासणी आणि वाटाघाटी सांभाळाव्या लागतात. ज्या हातांनी काम उभे केले, ते हात यंत्रावरून काढणे त्याला जड जाते. बाह्य घटक वेगळेच. तुमकुरू मार्गावरील उड्डाणपुलाच्या केबलमध्ये दोष आढळल्याने तो डिसेंबर २०२१ मध्ये बंद झाला आणि अवजड वाहनांना २०२४ पर्यंत त्यावर प्रवेश नव्हता. अशा विलंबावर कोणत्याही कारखानदाराचे नियंत्रण नसते. माल वेळेत न पोहोचल्याचा जाब मात्र त्यालाच द्यावा लागतो.

सर्वांत मोठे ओझे आहे वैयक्तिक हमीचे. भागभांडवलावर उभी राहिलेली कंपनी बुडाली, तर गुंतवणूकदाराचे पैसे बुडतात. कर्जावर उभा राहिलेला कारखाना बुडाला, तर मालकाचे घर पणाला लागते. विनातारण कर्जासाठी २००० मध्ये स्थापन झालेल्या पतहमी न्यासाची मर्यादा एप्रिल २०२५ पासून १० कोटी रुपये झाली. ही हमी मात्र बँकेचे नुकसान भरून काढते. कर्जदाराची जबाबदारी संपवत नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग डिसेंबर २०१९ मध्ये लागू झाला, तोही केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांपुरता. एकल मालकी व भागीदारीतील कारखानदारांसाठी १९२० चाच जुना कायदा उरतो. सन्मानाने कारखाना बंद करण्याची वाट नसल्याने तोट्यातील उद्योगही वर्षानुवर्षे ओढला जातो.

अपयश सोसण्याची सोय असेल तर काय साध्य होते, याचे उदाहरण पीण्यातच आहे. देशाचा पहिला उपग्रह ‘आर्यभट’ प्रा. यू. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली येथील साध्या औद्योगिक शेडमध्ये साकारला आणि १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातून प्रक्षेपित झाला. वीजपुरवठ्यातील बिघाडामुळे काही दिवसांतच त्यावरील वैज्ञानिक प्रयोग थांबले. तरीही तो चमू विखुरला नाही. १९७९ मध्ये ‘भास्कर-१’ अवकाशात गेला. त्या तरुण अभियंत्यांच्या चुकीची किंमत शासनसंस्थेने उचलली होती. शेजारच्या शेडमधील खासगी उद्योजकाला ती एकट्याने चुकवावी लागते.

या एकटेपणाचा परिणाम मनावर होणे स्वाभाविक आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ मायकेल फ्रीमन यांच्या २०१५ च्या अभ्यासात २४२ उद्योजकांपैकी ४९ टक्के जणांनी आयुष्यात कधी ना कधी मानसिक विकार अनुभवल्याचे सांगितले होते. ते प्रमाण जसेच्या तसे भारताला लागू करता येणार नाही. परंतु कामगारांसमोर धीर, बँकेसमोर आत्मविश्वास आणि घरी मौन, हा तिहेरी मुखवटा येथील कारखानदारांना अपरिचित नाही. मदत दूर नाही. बंगळुरूच्याच निम्हान्स संस्थेच्या मार्गदर्शनाखाली ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क उपलब्ध आहे.

समुपदेशन आवश्यक आहे. पण ते थकलेले बिल वसूल करून देत नाही. भोसरी, सातपूर, शिरोली किंवा बेळगावच्या उद्यमबागेतील कारखानदारांनाही हेच गणित सोडवावे लागते. मोठ्या खरेदीदारांवर बिले वेळेत स्वीकारण्याचे बंधन, परिषदांचे निर्णय खरोखर ९० दिवसांत आणि एकल मालकांसाठी सुटसुटीत दिवाळखोरी प्रक्रिया, या तीन गोष्टी झाल्या तर नवउद्योजकाच्या मनावरचे निम्मे ओझे उतरेल. नवे उद्योग किती सुरू झाले, याची मोजदाद सरकार करतेच. त्यांची बिले किती दिवसांत चुकवली गेली, याचीही तितक्याच नियमाने मोजदाद होणे आता गरजेचे आहे.