बेडसोर: वृद्धाश्रमात रात्री कूस कोण बदलतं?

मुलं पुण्या-मुंबईला, बुलढाण्यात आई-वडील अंथरुणाला खिळलेले. मग वृद्धाश्रमाचा विचार होतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात निराधारांसाठी जिल्ह्यात किमान १५० जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. खाटांची संख्या कळते; रात्री कूस कोण बदलतं, हे तुम्हालाच विचारावं लागेल. साधारण दर दोन तासांनी बदलायला हवी, हवेची गादी असली तरीही.

भेटायला गेलात की माकडहाड, खुबे, टाचा स्वतः पाहा. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावा. जागा गरम किंवा कडक लागली तर चोळू नका (तेलाने तर नाहीच), तिथला भार काढा. उशी पोटऱ्यांखाली द्या, टाचा अधांतरी राहू द्या. उन्हाळ्यात घामाने भिजलेली चादर लगेच बदलायला सांगा. कातडी सोलली किंवा काळी पडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.