गोंदण, कुंकू आणि खिडकीतला उजेड

पाऊस जरा उघडला की आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात कॅमेरेवाल्यांची वर्दळ वाढते. आहुपे, भीमाशंकर, नाणेघाट. धुकं आणि धबधबे टिपून झाले की पावलं एखाद्या वाडीकडे वळतात. खिडकीशी बसलेली आजी, चेहऱ्याच्या एका बाजूला उजेड, दुसरीकडे काळोख, आणि फोटो कृष्णधवल. प्रदर्शनात असा एक तरी फोटो असतोच. तो पाहिला की मला राग येतो. फोटो वाईट असतो म्हणून नव्हे. त्या बाईचे रंग कुणाला विचारून पुसले, हा प्रश्न कुणालाच पडलेला नसतो म्हणून.

आधी उजेडाचं बोलू. या भागात पाऊस आडवातिडवा झोडपतो, म्हणून जुन्या घरांना खिडक्या लहान आणि थोड्या. पुष्कळदा दारच खिडकीचं काम करतं. खिडकी लहान असली की आत येणारा उजेड झपाट्याने ओसरतो. माणूस दुप्पट अंतरावर बसला तर त्याच्या वाट्याला जेमतेम चौथाई उजेड येतो. म्हणून तिथले चेहरे इतके उठावदार दिसतात. पण हा उजेड पांढरा नसतो. बाहेर जे असेल त्याचा रंग घेऊन तो आत येतो. समोर भातखाचरं असली तर गालावर हिरवट झाक पडते. पडवीला पावसासाठी निळी ताडपत्री लावली असेल तर माणूस आजारी दिसावा इतका निळा होतो. खाली नारायणगावाकडच्या नव्या बंगल्यांत सरकत्या खिडक्यांच्या काळसर काचा उजेड मळकट करतात, आणि आत पिवळा दिवा जळत असला तर अर्धा चेहरा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. अशा वेळी कृष्णधवल करण्याचा मोह होतो, तो मी समजू शकतो. पण ताडपत्री दोन माणसांनी धरली की गुंडाळता येते, दिवा बंद करता येतो. तेवढे कष्ट आधी घ्यावेत आणि मग ठरवावं.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत एका महादेव कोळी आजींचा फोटो काढला होता. ‘‘आजी, फोटो काढू का?’’ म्हटलं तर म्हणाल्या, ‘‘थांब रं बाळा, चांगलं लुगडं नेसते.’’ आत गेल्या आणि जांभळं लुगडं नेसून आल्या. कुंकूही ताजं लावलं होतं. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण. जुनं गोंदण काळं राहत नाही, हिरवट-निळं होतं आणि सावळ्या कातडीत मुरून जातं.

घरी येऊन ती फाइल कृष्णधवल करून पाहिली. कृष्णधवल करताना लाल, हिरवा, निळा यांपैकी कुठल्या रंगाला किती वजन द्यायचं हे आपण ठरवतो. लालला वजन दिलं तर कातडी उजळते आणि गोंदण गडद होऊन ठिपका न् ठिपका वाचता येतो. पण कुंकू? तेही लालच. ते कातडीबरोबर उजळतं आणि कपाळावरून जवळजवळ नाहीसं होतं. वजन निळ्याकडे नेलं तर कुंकू काळं ठिक्कर उमटतं, सुरकुत्या खोल होतात, आणि आता गोंदण कातडीत बुडतं. मधोमध थांबलं तर दोन्ही अर्धवट. एक तिने लहानपणी सुया सोसून अंगावर घेतलेलं आणि दुसरं तिने रोज सकाळी स्वतःच्या बोटाने लावलेलं. यातलं कुठलं ठेवायचं, हे ठरवणारा मी कोण? रंगीत फोटोत दोन्ही होती, आपापल्या जागी, आणि जांभळं लुगडंही होतं. तो रंगीतच ठेवला.

छायाचित्रकार रघुबीर सिंह आयुष्यभर रंगीत फिल्मवर काम करत राहिले. ‘रिव्हर ऑफ कलर’ या 1998च्या पुस्तकात त्यांनी मांडलंय की भारतीय नजर मुळात रंगातूनच पाहते, कृष्णधवल ही पश्चिमेची गरज. मला हे सगळं पटत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो कृष्णधवलच काढले आणि ते पाहताना रंगाची आठवणही होत नाही. तिथे रंग असता तर डोळा आधी कचऱ्याच्या रंगांत अडकला असता. आता तो थेट माणसावर जातो. जुन्नरच्या जुन्या वाड्यात, गजांच्या मोठ्या खिडकीशी, पांढरा सदरा आणि पांढरी टोपी घातलेले निवृत्त गुरुजी बसले असतील, मागे चुन्याची भिंत असेल, तर तिथेही मी निःशंकपणे कृष्णधवल करीन. त्या खोलीत सांगण्यासारखं जे आहे ते सगळं उजेड-अंधाराचंच आहे. रंग तिथे फक्त हजर असतो.

फिल्मच्या काळी हा निर्णय आधीच व्हायचा. कॅमेऱ्यात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची कृष्णधवल ‘इंदू’ असली की कुंकू काळंच येणार, हे समोरच्यालाही ठाऊक असायचं. आज फाइलमध्ये सगळे रंग असतात, आणि ते काढणारा हात आपला असतो. पिकल्या केसांची, सुरकुतलेली, गरीब घरातली बाई दिसली की तो हात आपोआप कृष्णधवलकडे जातो. तिच्या नातीच्या लग्नाचे फोटो काढताना मात्र जात नाही. आजी आजच्या आहेत. त्यांच्या खिडकीत मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो. त्यांना शंभर वर्षं मागे ढकलून फोटो ‘कालातीत’ करायचा, हे मला मान्य नाही.

फोटो वाडीवर पोचवायचा असतो, आणि तिथे आणखी एक घोळ होतो. छपाईच्या दुकानात सावळा चेहरा दिसला की सवयीने उजळवतात. कृष्णधवलमध्ये लालला वजन दिल्यावर निदान गोंदण तरी गडद होतं; इथे रंगात कातडी गोरी आणि गोंदणही फिकं. म्हणून हल्ली मी फाइल देताना छापणाऱ्याजवळ उभा राहतो आणि सांगतो, ‘‘दादा, चेहऱ्याला हात लावू नका, जसा आहे तसाच छापा.’’ पहिली प्रत तरी उजळच निघते. ती बाजूला ठेवून दुसरी काढून घ्यायची, लुगड्याचा जांभळा नीट आलाय का ते दुकानाबाहेर उन्हात धरून बघायचं, आणि मगच पैसे द्यायचे.