तणनाशक घेतांना काय विचारावें?

सोयाबीन पेरून पंधरा-वीस दिवस झाले कीं कृषी सेवा केंद्रांत एकच गर्दी उडते. गेल्या वर्षीं तें औषध मारलें, यंदा दुसरें द्या, असें सांगून शेतकरी नव्या नांवाचा डबा घेतो व समाधानानें घरीं जातो. त्या समाधानास आधार किती, हें पाहण्याचा या लेखाचा हेतु आहे. आमच्या मतें नांव बदलल्यानें औषध बदलतेंच असें नाहीं, आणि ही गोष्ट वेळींच ध्यानीं न घेतल्यास पुढें आपलें मोठें नुकसान होण्याचा संभव आहे.

वनस्पतीच्या प्रत्येक पेशींत एन्झाइमें, ज्यांस शालेय पुस्तकांत विकरें म्हणतात, अहोरात्र काम करीत असतात. एका विकरानें आपलें काम उरकून माल पुढच्याच्या स्वाधीन करावयाचा, अशी ती साखळी असते. कचेरींतला कागद टेबलावरून टेबलावर जातो तसाच प्रकार. एका टेबलावरचा कारकून अडून बसला कीं पुढचें सारें काम तुंबतें, हें महसूल खात्यांत आयुष्य घालविलेल्या प्रस्तुत लेखकास कोणी सांगावयास नको. बहुतेक तणनाशकें हाच मार्ग धरतात. औषधाचा लहानसा रेणु नेमक्या एका विकराच्या खांचेंत जाऊन बसतो आणि त्याचें काम बंद पाडतो.

ग्लायफोसेटचेंच उदाहरण घ्या. अमेरिकेंतील मोन्सँटो कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ जॉन फ्रांझ यांनीं १९७० सालीं त्याचा तणनाशक गुण शोधला आणि १९७४ सालीं तें बाजारांत आलें. तें तण मारतें कसें, हें मात्र १९८० सालीं जर्मनींतील स्टाइनऱ्युकेन व आम्राइन यांनीं दाखवून दिलें. तोंवर विक्री जोरांत चालू होती! अवघ्या १८ अणूंचा हा रेणु. पण तो ज्या विकरास अडवितो त्यावांचून वनस्पतीस तीन आवश्यक अमिनो आम्लें तयार करतां येत नाहींत. तीं नसलीं कीं प्रथिनें बनत नाहींत व वाढ खुंटते. म्हणूनच फवारलेलें तण त्याच दिवशीं न जळतां हळूहळू पिवळें पडून मरतें.

आतां सोयाबीनकडे वळूं. इमॅझेथापायर आणि क्लोरिम्युरॉन इथाइल हीं दोन तणनाशकें आपल्याकडे वापरांत आहेत. पहिल्याचा क्रियाशील घटक हेक्टरीं १०० ग्रॅम लागतो, दुसऱ्याचा केवळ ९ ग्रॅम. दोहोंचीं रासायनिक कुळें भिन्न, डबे भिन्न. परंतु दोन्हीही अॅसिटोलॅक्टेट सिंथेज या एकाच विकरावर घाव घालतात. यंदा एक व पुढल्या वर्षीं दुसरें मारलें म्हणजे फेरपालट झाली असें मानणें, हें सातबाऱ्यावर बापाच्या जागीं मुलाचें नांव लागलें म्हणून जमीन नवी झाली असें समजण्यासारखें आहे. क्विझालोफॉप इथाइलची गोष्ट निराळी. तें स्निग्ध पदार्थ घडविणाऱ्या दुसऱ्या विकरास अडवितें. मात्र त्याचा उपयोग गवतवर्गीय तणांपुरताच होतो.

एकाच विकरावर वर्षानुवर्षें मारा केल्यास काय होतें? लाखो रोपांत एखाद्याचें विकर जन्मतःच किंचित् निराळें असतें. अशा विकराच्या खांचेंत औषध नीट बसत नाहीं. इतर सर्व रोपें मरतात, हें एक जगतें, आणि पुढें शेत त्याच्याच बियांनीं भरतें. अमेरिकेच्या आयडाहो प्रांतांत १९८७ सालीं, वर सांगितलेल्या क्लोरिम्युरॉनच्याच कुळांतील औषधास दाद न देणारें तण आढळलें. त्याच्या विकराच्या लांबलचक साखळींतील अवघा एक दुवा बदललेला होता. ऑस्ट्रेलियांत १९९६ सालीं राय गवतानें ग्लायफोसेट पचविल्याचें प्रसिद्ध झालें. इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. हरयाणांत १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत गव्हांतील मंडूसी हें तण आयसोप्रोट्युरॉननें मरेनासें झालें, आणि कित्येक शेतकऱ्यांवर उभा हिरवा गहू वैरणीसाठीं कापण्याची पाळी आली. नंतर निराळ्या विकरांवर मारा करणारीं औषधें आलीं. कालांतरानें त्यांनाही न जुमानणारी मंडूसी निघाली. आपल्याकडे निंदणीस मजूर मिळत नाहींत, म्हणून आपण या औषधांवर विसंबलों आहों. तीं निकामी झालीं तर खुरपें धरणार कोण?

वर सांगितलेलीं पहिलीं दोन विकरें मनुष्याच्या शरीरांत नसतात. यावरून हीं औषधें सर्वथा निर्धोक आहेत असें मात्र कोणी समजूं नये. ग्लायफोसेटपासून कर्करोग संभवतो किंवा कसें, याविषयीं २०१५ पासून शास्त्रज्ञांत मोठा मतभेद आहे. कीटकनाशकांची गोष्ट तर अधिक भयंकर. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखीं सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधें मज्जातंतूंच्या टोकाशीं असलेलें जें विकर बंद पाडतात, तें किडीच्या आणि माणसाच्या अंगीं सारखेंच असतें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. या प्रकारच्या विषावर डॉक्टर अॅट्रोपिन देतात. दुसऱ्या जातीच्या विषास तें लागू पडेलच असें नाहीं. सबब रोग्याबरोबर औषधाचा डबाही दवाखान्यांत नेला पाहिजे.

तणनाशक कोणत्या विकरावर वा क्रियेवर मारा करतें, त्यावरून त्याचा गट ठरविण्याची आंतरराष्ट्रीय पद्धति आहे. क्विझालोफॉपचा गट १, इमॅझेथापायर व क्लोरिम्युरॉन यांचा २, ग्लायफोसेटचा ९. ऑस्ट्रेलियांत हा गट डब्यावर ठळकपणें छापतात. आपल्याकडे विषारीपणा दाखविणारा रंगीत त्रिकोण डब्यावर असतोच. त्याच्या शेजारीं तितक्याच मोठ्या मराठी आकड्यांत गट छापण्याची सक्ति सरकारनें करावी, अशी आमची मागणी आहे. कायदा होईल तेव्हां होवो. तोंपर्यंत मंडळाच्या प्रत्येक विक्रीकेंद्रांत फळ्यावर औषधाचें नांव व त्यापुढें गट लिहिण्यास येत्या मृगापूर्वीं आरंभ करावा, आणि पावतीवरही तोच आकडा टाकावा, म्हणजे गेल्या वर्षीं आपण काय मारलें हें शेतकऱ्यास पुढल्या वर्षीं पावती काढून पाहतां येईल.