बंदविषयी दोन ओळी

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी मुंबई व परिसरातील बाजारपेठा कडकडीत बंद होत्या. या बंदमागे आदर नसून भीती आहे, अशा आशयाचा मजकूर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिला. तिच्या मैत्रिणीने त्यास पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. वास्तविक दुकानाचे शटर ओढताना हाच विचार पेढीवर बसणाऱ्या अनेकांच्या मनात कधी ना कधी येऊन गेलेला असतो. उच्चारला मात्र या मुलीने.

पोलिसांनी पुढे ते प्रकरण बंद केले. परंतु श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ 'त्रासदायक' मजकुरासाठीही तीन वर्षांपर्यंत कारावास सांगत होते. त्रास कोणाला, किती, याचे माप कोठेच नव्हते. आणि मापाविना तोलणाऱ्याच्या हाती तराजू दिल्यास काय होते, हे व्यापाऱ्यास सांगणे नलगे. २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरविले. तरीही त्याखाली गुन्हे नोंदविले जात राहिले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये, या कलमाखाली कोणावरही खटला चालविता येणार नाही, असे न्यायालयास पुन्हा बजावावे लागले.