पिवळी पिन कुठं लावायची?



मागच्या महिन्यात कोकणातून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. पत्राबरोबर वहीच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेलं एक चित्र. चौकोनी डब्याची मागची बाजू, तिच्यावर सहा-सात भोकं, आणि प्रत्येक भोकाला बाण काढून पुढे प्रश्नचिन्ह!

झालं असं की, मे महिन्यात माळा साफ करताना तिच्या घरी एक जुना व्हीसीआर सापडला. आजीच्या भावानं कधीकाळी दुबईहून आणलेला. सोबत चार कॅसेटी. एकीवर शाईनं लिहिलंय ‘मुंज, १९९४’. मुंज तिच्या बाबांची. त्या दिवशी आजोबांनी स्वतः मंगलाष्टकं म्हटली होती, असं आजी सांगते. ही मैत्रीण जन्मायच्या आधीच आजोबा गेले. फोटो तिनं पाहिलाय, आवाज मात्र कधीच ऐकलेला नाही. आणि भिंतीवरच्या नव्या टीव्हीला व्हीसीआरची एकही वायर लागत नाही!

तर या वेळचा ‘खटपट कोपरा’ तिच्यासाठी, आणि ज्यांच्या माळ्यावर असं काही पडून असेल त्या सगळ्यांसाठी.

पहिली गोष्ट. ती मुंजीची कॅसेट बाजूला ठेव. एवढ्यात लावू नकोस. बरीच वर्षं बंद असलेल्या व्हीसीआरमधलं रबर कडक झालेलं असतं, आणि तो फीत गुंडाळायच्या ऐवजी पोटात ओढून चघळतो. आमच्या वेळी याला ‘कॅसेट खाल्ली’ असंच म्हणत. आधी एखादी नकोशी कॅसेट लावून बघ. ती सुखरूप बाहेर आली की मगच पुढचं. आणि कोकणातली आहेस म्हणून मुद्दाम सांगतो, कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरी भुरी दिसली, तर ती बुरशी. ती कॅसेट अजिबात चालवायची नाही. बुरशी व्हीसीआरच्या हेडला लागते आणि तिथून बाकीच्या कॅसेटींना.

दुसरी गोष्ट आईबाबांसाठी. व्हीसीआरच्या पाठीमागे व्होल्टेजचा आकडा छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय प्लग लावू नका. दुबईचं यंत्र बहुधा आपल्या विजेवर चालेल, पण अमेरिकेहून आणलेलं १२० व्होल्टचं असतं आणि जपानचं १०० चं. आपल्या २३० व्होल्टवर ते सरळ जळतं. आणि झाकण उघडायचा मोह नको. प्लग काढल्यावरही आतल्या काही भागांत वीज साठून राहते.

आता वायरींकडे येऊ.

चित्रातली जी गोल भोकं आहेत ना, त्यांना आरसीए सॉकेट म्हणतात. रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या नावावरून ते नाव पडलं. १९३० च्या दशकात रेडिओला ग्रामोफोन जोडायला तिनं ही पिन वापरली. इतकी वर्षं होऊन गेली, पिन तीच! पिवळं भोक चित्राचं, पांढरं डाव्या बाजूच्या आवाजाचं, लाल उजव्या बाजूच्या. तुझ्या चित्रात लाल भोक नाही, म्हणून तू घाबरली आहेस. घाबरू नकोस. बरेचसे जुने व्हीसीआर मोनो होते, म्हणजे आवाजाचा एकच प्रवाह. पिवळी आणि पांढरी लावायची, लाल नुसती लोंबकळू द्यायची.

पण एक बघ. तुझ्या चित्रात पिवळी भोकं दोन आहेत. एकाखाली ‘इन’ लिहिलेलं असेल, दुसऱ्याखाली ‘आउट’. पाण्याच्या टाकीला कसा एक पाइप पाणी भरणारा आणि एक नळाकडे नेणारा असतो, तसंच. आपल्याला हवं ‘आउट’. हसू नका, भलेभले इथंच फसतात. मीही फसलोय.

आणि पिवळी वायरच हवी असा हट्ट धरून बाजार पालथा घालू नका. रंग आपल्या डोळ्यांसाठी असतो, वायरीला त्याचा पत्ता नसतो. जुन्या टेपरेकॉर्डरची लाल-पांढरी वायर घरात पडली असेल तर तिच्यातली लाल व्हीसीआरच्या पिवळ्यात लावा आणि दुसरं टोक टीव्हीच्या पिवळ्यात. चित्रासाठीची खरी केबल जास्त चांगली हे कबूल, पण हातभर अंतराला हीसुद्धा काम भागवते.

आता टीव्हीची बाजू. खरी गंमत (आणि खरा वैताग) इथं आहे.

काही टीव्हींना अजून तीन भोकं असतात. काहींना पाच असतात, आणि पिवळं शोधून सापडत नाही! नीट बघितलं तर हिरव्या भोकाभोवती पिवळी कडा असते किंवा खाली ‘व्हिडिओ’ लिहिलेलं असतं. पिवळी पिन तिथं लावायची, आणि रिमोटवरून ‘एव्ही’ निवडायचं. ‘काँपोनंट’ निवडलंत तर बहुतेक कृष्णधवल चित्र दिसेल आणि तुम्हाला वाटेल कॅसेटच खराब झाली.

काही टीव्हींना इअरफोनसारखं एकच बारीक भोक असतं, ‘एव्ही इन’ लिहिलेलं. त्यासाठीची वीतभर वायर टीव्हीच्या खोक्यातच येते, आणि खोक्याबरोबर रद्दीत जाते. मग आपण दुकानातून तशीच दिसणारी आणतो आणि चित्र येत नाही. का बरं?

त्या बारीक पिनीवर तीन काळी कडी दिसतात. त्यामुळे पिनीचे चार भाग होतात: टोक, मधले दोन पट्टे आणि बुंधा. तीन भागांतून चित्र, डावा आवाज, उजवा आवाज. चौथा भाग ग्राउंड, म्हणजे तिघांची परतीची वाट. पण कोणता भाग कुणाचा, हे प्रत्येक कंपनीनं आपापल्या मर्जीनं ठरवलं! बाहेरून दोन वायरी जुळ्या बहिणी, आतून मात्र वेगळ्या. कॅमकॉर्डर नावाचे हातात धरायचे जुने व्हिडिओ कॅमेरे असत, त्यांच्या वायरींचंही हेच दुखणं.

यावर एक युक्ती आहे. वायर न बदलता पिना बदलून पाहा. पिवळीच्या जागी लाल, मग पांढरी. चित्र उमटलं तर जिंकलात, फक्त कोणती पिन कुठं ते चिठ्ठीवर लिहून वायरीला बांधून ठेवा. कशीही फिरवली तरी नुसती घरघर येत असेल, तर समजा की ग्राउंडची जागाच चुकलीय. ती वायर परत करा. दुकानदाराला ‘तीन पिनवाली द्या’ एवढंच सांगू नका, टीव्हीचा मॉडेल नंबर लिहून न्या.

आणि आमच्या मैत्रिणीच्या टीव्हीला? फक्त एचडीएमआय! चपटं, रुंद भोक.

एका टोकाला पिवळी-पांढरी-लाल पिन आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी साधी वायर बाजारात मिळते. तिच्या बाबांनीही आणली. चालली नाही, चालणारही नव्हती. व्हीसीआरमधून येतो तो सतत कमीजास्त होणारा विजेचा दाब. एचडीएमआयला हवे असतात आकडे. एक मराठीत बोलतोय, दुसऱ्याला जपानीच कळतं. दोघांच्या मध्ये नुसती लांब नळी धरून काय उपयोग? मध्ये दुभाषा हवा. तो म्हणजे काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा डबा, ‘एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर’. त्याला स्वतःची वीज लागते, मोबाइलच्या चार्जरवर चालतो. घेताना नाव दोनदा वाचा. ‘एचडीएमआय टू एव्ही’ नावाचा हुबेहूब तसाच डबा उलट काम करतो आणि तुमच्या काहीच कामाचा नाही. डब्यावर ‘पाल’ आणि ‘एनटीएससी’ असा खटका असेल तर आपल्याकडच्या कॅसेटीला ‘पाल’ लावा. आपल्याकडे चित्र ६२५ रेषांचं आणि सेकंदाला २५. अमेरिकेत ५२५ रेषांचं आणि जवळजवळ ३०. म्हणून तिकडच्या मावशीनं पाठवलेली कॅसेट इकडच्या साध्या व्हीसीआरवर नाचायची. दुबईहून आलेल्या यंत्रांना बऱ्याचदा दोन्ही कळतं.

असल्या वस्तू मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत धुंडाळाव्यात. तालुक्याच्या गावी टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या माणसाला विचारा. त्याच्या खणात अशा वायरींची जुडी असतेच असते. व्हीसीआर मात्र जपा. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ मध्ये तो बनवणं थांबवलं, आणि बनवणारी ती शेवटचीच होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं, वायरीशी संबंध नसलेलं. कॅसेटच्या पाठीवर, चिठ्ठी चिकटवतात त्या कडेला, डाव्या कोपऱ्यात प्लॅस्टिकची एक छोटी चौकोनी पट्टी असते. ती शाबूत असेल तर त्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्डिंग होऊ शकतं. मोडली की होत नाही. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची. एका दिवाळीत मामानं भाड्याचा कॅमेरा आणून तिच्या ओव्या टिपल्या, चांगल्या अर्धा तास. पुढच्या वर्षी क्रिकेटचा सामना रेकॉर्ड करायच्या घाईत मी हाताला लागेल ती कॅसेट घातली. पट्टी शाबूत होती. सामन्यात कोण जिंकलं ते आज आठवतही नाही. कॅसेटच्या शेवटी, सामना संपल्यावर, आजीचे पंधराएक सेकंद उरलेत. त्यात ती म्हणते, ‘‘पुरे रे आता, हात दुखला.’’

तेव्हा मैत्रिणी, आधी पट्टी मोड. मग नकोशी कॅसेट, मग पिवळी पिन ‘आउट’मध्ये. चित्रावर मुंग्या आल्या तर व्हीसीआरवरचं ‘ट्रॅकिंग’चं बटण हळूहळू फिरव. आणि कॅसेट लावशील तेव्हा आजीला शेजारी बसव. मंगलाष्टकं ऐकू आली की लगेच पत्र पाठव. त्या कॅसेटवरून संगणकात प्रत कशी उतरवायची ते पुढच्या अंकात सांगतो.

तुमचा,
खटपटदादा