गळाला मासा नाही, गिऱ्हाईक

बीड जिल्ह्यातल्या पोराच्या हातात समुद्रातल्या बोटीचा रॉड देणारा विक्रेता त्याला सरळसरळ फसवतो आहे, असे माझे म्हणणे आहे. आणि तो रॉड घेऊन फोटो काढणाऱ्या पोराला "वा, काय चीज आणली!" म्हणणारे आपण सगळे त्या फसवणुकीत सामील आहोत. शब्द कडक वाटतील. पण गेल्या दोन-तीन वर्षांत माजलगावच्या पाण्यावर, बिंदुसरेच्या भिंतीजवळ आणि मांजरा प्रकल्पाच्या काठावर हे रॉड दिसू लागले आहेत, आणि ते ज्यांच्या हातात आहेत त्यांच्या घरची परिस्थिती मला ठाऊक आहे.

माझ्या एका विद्यार्थ्याचे उदाहरण देतो. आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. हा आजीजवळ राहून शिकतो. सुट्टीत मंडपवाल्याकडे राबून त्याने पैसे साठवले आणि मोबाईलवर एक व्हिडिओ पाहून "ट्रोलिंग रॉड" मागवला. रीलसकट सव्वासहा हजार. व्हिडिओत एक माणूस बोटीत बसून हातभर सुरमई ओढत होता. आमच्या पोराने तोच रॉड सिंदफणेच्या काठावर उभे राहून फेकायचा प्रयत्न केला. दोरी दहा-बारा फुटांवर पडली. दिवसभरात मासा नाही. मग मित्रांनी सुचवले की हा रॉड काठावरचा नाहीच, थर्माकोलच्या तराफ्यावर बसून खोल पाण्यात जाऊ. पोहता येत नाही, अंगात लाइफ जॅकेट नाही, आणि हातात असा जाड रॉड की मोठा मासा लागलाच तर आधी तराफा उलटेल. गावातल्या एका भोई काकांनी त्यांना हाकलून लावले म्हणून ती गोष्ट तिथेच थांबली. सव्वासहा हजार गेले त्याचे दुःख आहेच, पण त्या तराफ्याचा विचार मनात आला की माझी झोप उडते.

आता हे ट्रोलिंग म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. आपल्याकडे ट्रोलिंग म्हटले की फेसबुकवरची शिवीगाळ आठवते. आपल्या समाजाला तर तिची सवयच झाली आहे. मासेमारीत या शब्दाचा अर्थ साधा आहे: बोट हळूहळू चालवत ठेवायची आणि तिच्या मागे पाण्यातून खोटा मासा किंवा आमिष ओढत न्यायचे. पळणाऱ्या भक्ष्यामागे लागणारा शिकारी मासा त्यावर झडप घालतो. मोठे जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरशी याचा संबंध नाही. दोन शब्द ऐकायला सारखे आहेत, एवढेच. म्हणजे ट्रोलिंगला तीन गोष्टी लागतात: चालती बोट, मोकळे पाणी आणि शिकारी मासा. या तीनपैकी आपल्या पोरांकडे काय असते?

बोट नसते. आपल्या तलावांतला मुख्य मासा म्हणजे कटला, रोहू, मृगळ. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. हे मासे पळत्या खोट्या माशामागे लागत नाहीत. त्यांना कणकेचा गोळा किंवा पेंड लागते, आणि ती काठावर बसूनही देता येते. मरळ शिकारी आहे खरा, पण तो काठच्या गवतात आणि उथळ पाण्यात दबा धरून बसतो. त्याच्यासाठी बोट फिरवून उपयोग नाही. शिवडा खोल पाण्यात मिळतो, पण त्याच्यासाठीही गळाला मासळीचा तुकडा लावून काठावरून बसणारे लोक मी लहानपणापासून पाहतो आहे. त्यांच्या हातात बांबू असतो.

ट्रोलिंगचा रॉड मुद्दाम आखूड आणि जाड बनवतात. साडेपाच ते सात फूट. तो फेकायचा नसतो, बोटीच्या कडेच्या खोबणीत अडकवून ठेवायचा असतो. त्यावर ढोलासारखे गोल फिरणारे रील बसवतात. ते ताकदीचे असते, पण नवशिक्याने त्यातून दोरी फेकली की गुंता ठरलेला. माझ्या विद्यार्थ्याची दोरी दहा फुटांवर का पडली, याचे उत्तर एवढेच आहे. रॉड खराब नव्हता. तो त्याच्या पाण्याचा नव्हता, आणि हे विकणाऱ्याने सांगितले नाही.

यावर दुकानदारांचे ठरलेले उत्तर असते: "सस्ता रोए बार बार, महंगा रोए एक बार." ही म्हण रॉडच्या बाबतीत किती खोटी आहे ते पाहा. रॉड मुख्यतः दोन वस्तूंचे बनतात. एक फायबरग्लास, दुसरे कार्बन, ज्याला ग्रॅफाइटही म्हणतात. कार्बन हलका, महाग आणि नाजूक. माशाने आमिषाला नुसते तोंड लावले तरी हाताला कळते, हा त्याचा गुण. पण ट्रोलिंगमध्ये रॉड हातात नसतोच, खोबणीत असतो, आणि गळ रुतवण्याचे काम बोटीचा वेग करतो. मग त्या गुणाचे पैसे कशाला मोजायचे? उलट फायबरग्लास हळूहळू वाकतो, माशाचा हिसका सोसतो, आणि बोटीच्या कडेवर आपटला तरी सहसा तडकत नाही. म्हणजे ज्या कामासाठी हा रॉड बनतो, त्या कामाला स्वस्त वस्तूच जास्त बरी. खऱ्या समुद्रातसुद्धा!

ज्यांचे नातेवाईक रत्नागिरीला किंवा मालवणला आहेत, जे सुट्टीत खरोखर बोटीने जाणार आहेत, त्यांच्यासाठी म्हणून सांगतो. सुरमईसारख्या माशाला सहा-साडेसहा फुटांचा फायबरग्लासचा रॉड पुरतो. रॉडवर वीस ते तीस एलबी असे छापलेले असते. एलबी म्हणजे पाउंड, आणि एक पाउंड म्हणजे साधारण ४५० ग्रॅम. म्हणजे नऊ ते साडेतेरा किलो ताकदीच्या दोरीसाठी तो रॉड आहे. रीलचा ब्रेक दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशवर ठेवायचा, म्हणजे दोरी तुटण्याआधी रील दोरी सोडते. रॉडवरच्या कड्या गंज न धरणाऱ्या पोलादाच्या हव्यात. कड्यांच्या आतून कापसाचा बोळा फिरवून पाहा. धागे अडकले तर कडीला चीर आहे, तीच चीर दोरी कापते. सुरमईचे दात धारदार, म्हणून गळाआधी वीतभर तार लावायची. आणि परत आल्यावर सगळे साहित्य गोड्या पाण्याने धुवायचे. महागडा रॉड न धुता ठेवणाऱ्यापेक्षा स्वस्त रॉड धुऊन ठेवणाऱ्याचा रॉड जास्त वर्षे टिकतो. जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी असते आणि समुद्रही खवळलेला असतो, तेव्हा बोटीने जायचा हट्ट धरू नये.

पण बीडहून समुद्र चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. आपल्यापैकी बहुतेकांना आयुष्यभर तलावच लागणार. त्यासाठी सात ते आठ फुटांचा, दोन तुकड्यांचा, मीडियम ताकदीचा फायबरग्लासचा रॉड आणि त्यावर साधे स्पिनिंग रील. दहा ते पंधरा एलबीची दोरी. किती ग्रॅम वजन फेकता येईल तेही रॉडवर छापलेले असते. दहा ते चाळीस ग्रॅम असेल तर आपल्या पाण्याला ठीक. दुर्बिणीसारखा आत-बाहेर सरकणारा रॉड शक्यतो टाळा, त्याचे जोड आधी जातात. एवढे सगळे माझ्या विद्यार्थ्याने मोजलेल्या पैशांच्या निम्म्यात बसते. उद्या कुणाची परवानगीची बोट मिळाली, तर हाच रॉड हळू वेगाच्या ट्रोलिंगलाही चालतो. उरलेल्या पैशांत आधी लाइफ जॅकेट घ्या. तेवढे पैसे उरत नसतील तर काठ सोडू नका.

मला याहून मोठा राग आहे तो या छापील अक्षरांचा. रॉडच्या दांड्यावर सगळे इंग्रजीत असते. पाउंड, औंस, मीडियम हेवी, फास्ट ॲक्शन. मराठी किंवा उर्दू माध्यमात शिकलेल्या पोराला त्याचा अर्थ कुणी सांगत नाही. तो फक्त किंमत वाचू शकतो, म्हणून किंमतीवरून वस्तूचा दर्जा ठरवतो. विकणाऱ्याला हेच हवे असते. जे वाचता येत नाही त्याचा मान वाढतो, हा आपला जुना रोग. औषधाच्या पुडीपासून कर्जाच्या कागदापर्यंत आपण त्याची किंमत मोजत आलो आहोत. रॉड त्यातला सगळ्यात लहान दाखला.

काही तरुण मला म्हणतात, "सर, दारू नाही, जुगार नाही. हलाल शौक आहे, स्वतःच्या पैशाने करतो. तुम्हाला काय अडचण?" शौकाला माझी काहीच अडचण नाही. पाण्याजवळ चार तास शांत बसणारा पोरगा मला मोबाईलमध्ये मान घातलेल्या पोरापेक्षा कधीही आवडेल. पण हलाल म्हटले की हिशेब संपतो, हे कुणी शिकवले? सूरह आराफमध्ये इस्राफला, म्हणजे उधळपट्टीला, मनाई आली आहे ती खाण्यापिण्याच्या संदर्भात. म्हणजे हलाल गोष्टींच्याच संदर्भात. हराम तर मुळातच बंद आहे. इस्राफचा प्रश्न हलालच्या दारातच उभा राहतो. लग्नातल्या उधळपट्टीवर जुम्याच्या बयानात आपण ऐकतो आणि मान डोलावतो. तोच नियम रॉडला, बाईकच्या सायलेन्सरला आणि हप्त्यावरच्या मोबाईलला लागू नाही का?

दुसरी गोष्ट हकाची. आपल्या जलाशयांत मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. ते लोक पैसे भरून बीज सोडतात, वर्षभर राखण करतात. दुष्काळात पाणी आटले की त्यांचे वर्ष बुडते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सगळ्यांना आठवते. त्या धरणातल्या माशांवर जगणाऱ्यांचे काय झाले, हे किती जणांनी विचारले? अशा पाण्यात सहा हजारांचा रॉड घेऊन उतरताना त्या संस्थेच्या माणसाला सलाम-नमस्कार करून परवानगी मागायला आपल्याला कमीपणा वाटतो. कारण तो भोई, त्याच्याकडे फाटके जाळे आणि थर्माकोल. आपण "अँगलर"! कोकणातले आपले दालदी मुसलमान बांधव पिढ्यान्‌पिढ्या समुद्रात जातात, त्यांनाही याच नजरेने पाहिले गेले आहे. ज्याला मासा कळतो त्याला खालचा समजायचे आणि ज्याला फक्त किंमत कळते त्याला शौकीन म्हणायचे, हा न्याय मला मान्य नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. विकणाऱ्यांनी रॉड दाखवताना आधी विचारावे: पाणी कोणते, बोट आहे का, मासा कोणता. हे तीन प्रश्न न विचारता विकलेला रॉड परत घेण्याची त्यांची जबाबदारी आहे. व्हिडिओ करणाऱ्या आपल्या मराठी पोरांनी छापील अक्षरांचा अर्थ मराठीत सांगावा आणि वस्तू फुकट मिळाली असेल तर तसे सांगून टाकावे. पालकांनी पोराला शौकापासून तोडू नये, पोहायला शिकवावे. आणि पोरांनो, रॉड घेण्याआधी एक रविवार काठावरच्या जुन्या माणसाजवळ बसा. तो तुमच्याकडून पैसे घेणार नाही. कोणत्या महिन्यात कोणता मासा काठाला येतो, कुठे गाळ आहे, कुठे पाय ठेवायचा नाही, हे तो सांगेल. हे ज्ञान कोणत्याही रॉडच्या डब्यात मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय वीस हजारांचा रॉडही नुसती काठी आहे.